आईची खिडकी, पंखाच्या मागची

मला विमानांची ओतीव धातूची छोटी मॉडेलं जमवायचा नाद आहे. नोकरीला लागल्यावर पहिलं संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारातल्या एका दुकानात मिळालं, बाकीची मागवून घेतली. सगळी प्रवासी विमानं, लढाऊ एकही नाही. ती मी सहसा कुणाच्या हातात देत नाही. बोटांचा घाम रंगाला लागतो.

धाकटी बहीण लग्नानंतर परदेशात गेली. तिचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा तिच्याकडं जायला आई तयार झाली. आई गंगापूरजवळच्या खेड्यात राहते, शेळ्या सांभाळते. वडील गेल्यापासून एकटीच. विमानात ती कधी बसली नव्हती. मुंबईपर्यंत मी सोबत जाणार होते, पुढं ती एकटी. निघण्याआधी संभाजीनगरला माझ्याकडं राहायला आली आणि तिचं जेवणच कमी झालं. विचारलं तर म्हणायची, "भूक नाय."

एका दुपारी ती माझ्या काचेच्या कपाटासमोर उभी राहिली.

"मी जाणार ते यातलं कोणतं गं?"

तिचं विमान माझ्याकडं होतं. वीतभर लांब, दोन इंजिनांचं. मी ते काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"लई जड हाय की. मग खरं वर कसं ऱ्हातं?"

मी पंखांचा आकार, वेग, हवेचा दाब असं सांगायला लागले. तिनं थोडं ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ दे. मी कुठं बसणार ते दाव."

खिडक्या म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. पंखाच्या मागची एक मी दाखवली. तिला ती नीट दिसेना. तिनं हात पुढं केला, माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि तिथं चिकटवली. मग दार कुठं, संडास कुठल्या अंगाला, चहा कुठून आणतात, सगळं त्या टिकलीपासून विचारून घेतलं. टिकलीचा गोंद रंग उचलतो हे मला ठाऊक होतं. तरी मी ती राहू दिली. त्या संध्याकाळी तिनं स्वतःहून भाकरी मागितली.

बहिणीला मुलगी झाली. काही महिन्यांनी आई परत आली. मी तिला गावी सोडायला निघाले तर म्हणाली, "ते इमान बी संगं घे."

गल्लीतल्या बाया ओट्यावर जमल्या. विमान या हातातून त्या हातात फिरू लागलं. आईबरोबर शेळ्या चारायला जाणाऱ्या शेजारच्या मावशींनी विचारलं, "भ्या नाय वाटलं?"

"वाटलं की. हलाया लागलं तवा डोळे मिटून घेतले. शेजारच्या बाईनं माझा हात धरला. तिची भाषा येगळी, माझी येगळी. मला वाटलं धीर देती. डोळे उघडून बघते तर तीच माझ्यापरीस जास्त भ्यालेली."

बाया हसल्या. तेवढ्यात मावशींच्या हातात पुढचं चाक तुटून आलं. त्या ते परत बसवायला बघू लागल्या.

"असू द्या मावशी," मी म्हणाले, "ते चिकटवता येतं."

त्यांनी चाक माझ्या हातात दिलं, पण विमान स्वतःकडंच ठेवलं. जरा वेळानं हळूच म्हणाल्या, "मी गेले तर कुठं बसन?"

"तुम्हाला खिडकी पाहिजे का?"

"नगं," मावशी म्हणाल्या. "मधली जागा दे. दोन्हीकडं माणूस असलेलं बरं."