पावण्यांपुढं शेंगोळे

आणे गावच्या सुंदराबाईला जेवणाबद्दल तिचं मत विचारायची गरज कुणाला पडत नसे. मत आधी यायचं, ताट नंतर. तव्यावर टम्म न फुगलेली भाकरी ती स्वतःच्या ताटात टाकायची आणि म्हणायची, "ही रुसलीय. मलाच ऱ्हाऊ दे." लग्नाच्या पंगतीतलं पनीर म्हणजे तिच्या लेखी चपलेचे तुकडे. बटाट्याला तर ती भाजीच मानत नव्हती. आणि तिच्या घरात विकतचा रस्सा आजवर आला नव्हता. हे ती मान ताठ करून, न विचारता, कुणालाही सांगायची.

घर मूळ मेंढपाळांचं. तिचा नवरा बहिरू याच्याकडे आता थोडी मेंढरं आणि पठारावरची कोरडवाहू जमीन उरली होती. सुंदराबाई मेंढरांमागं रानात जायची, तेव्हा शाळेतून आलेला त्यांचा मुलगा आदेश चूल पेटवायचा. भाकरी त्याला कधी जमली नाही, पण कमी पाण्यावर येणाऱ्या हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे बोटाभोवती वळून उकळत्या रश्शात सोडायचे, हे त्याच्या हाताला चांगलं बसलं. पुढं तो आयटीआय करून चाकणला कंपनीत लागला, तरी सुट्टीला आला की शेंगोळे तोच वळायचा.

त्याच्या लग्नाचं मात्र अडत होतं. मुलगा आवडायचा, पठार आवडायचं नाही. "पाण्याचं काय?" एवढं विचारून दोन स्थळं परत गेली होती. सन दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आळ्याचे सावळेराम आणि त्यांच्या पत्नी सोनीबाई आपल्या तेजस्विनीसाठी घर बघायला येणार असं ठरलं. आळ्याला पाटाचं पाणी, टोमॅटोचे मळे. सुंदराबाईनं ठरवलं, या पावण्यांना आपलं घर कोरडं वाटता कामा नये. बेसनाची, आत सारण भरलेली मासवडीच करायची.

तीळ, खोबरं, कांदा, लसूण भाजून सारण तयार झालं. हरभऱ्याची डाळ दळायला बहिरू गिरणीत गेला, तेव्हा तिनं बजावलं होतं, "कुणाच्या बाजरीवर आपली डाळ घालू नका. आधीचं पीठ जात्यातनं निघू द्या."

बहिरू गिरणीत बसला आणि मेंढरांच्या गप्पांत रमला. डाळ बाजरीवरच पडली.

पावणे यायच्या सकाळी सुंदराबाईनं पीठ शिजवलं, ओल्या फडक्यावर थापलं, सारण भरलं आणि दुमडायला गेली, तर वडी मधोमध फाटली. दुसरी थापली, तीही फाटली. तिनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं.

"बाजरी हाय यात."

बहिरू खाली बघत म्हणाला, "थोडी आली असंल. फाट्यावरच्या हॉटेलातनं रस्सा आणू का? गाडीवर जातो अन् येतो."

"आजपातुर न्हाई आला, आज बी येणार न्हाई. आदेश, शर्टाच्या बाह्या सार वर. हुलग्याचं पीठ काढ."

"अगं येडी का काय तू!" बहिरू ओरडला. "पावण्यांपुढं हुलगं? पाणी न्हाई म्हणून आपणच दवंडी पिटायची व्हय? हे बी स्थळ गेलं म्हणून समज."

सुंदराबाईलाही ते कळत होतं; तो खोटं बोलत नव्हता. पण तिनं लसूण-मिरचीचं वाटण केलं, चुलीवर रस्सा ठेवला. आदेश परात घेऊन शेंगोळे वळायला बसला.

पावणे वेळेआधीच आले. हात धुवायला म्हणून सोनीबाई आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. ज्याला बघायला आलो तो मुलगा मनगटापर्यंत पिठात! आदेश ओशाळून उठू लागला.

"बस खाली," सुंदराबाई म्हणाली. मग सोनीबाईंकडं वळली. "ताई, मासवडी करणार व्हते. पीठ बिघडलं. आमच्या रानात पिकतं ते हुलगं, त्याचं शेंगोळं केल्यात. मी एकटी पुरी पडंना म्हणून पोराला बशिवलं. घरात हाय ते हे असं हाय."

सोनीबाईंनी परातीकडं एकदा पाहिलं आणि हात धुतले. जेवताना बहिरूनं मान वर केली नाही. सावळेरामांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओरपला, नाक पुसलं आणि वाटी पुढं केली. मग पुन्हा केली.

"माझी आई करायची," ते म्हणाले. "पाणी आलं अन् हुलगं गेलं."

"तुमाला काय कळतंय!" सोनीबाई एकदम बोलल्या. "आयतं गिळायचं तेवढं ठावं. तुमी अन् तुमचे तिघं भाऊ, चूल कुठल्या कोपऱ्यात हाय ते तरी सांगता येईल का?" मग त्या सुंदराबाईकडं वळल्या. "पठारावर पोरगी न्हाई द्यायची, असं ठरवूनच निघालो व्हतो बघा. तुमी बोलावलं म्हणून नुसतं यायचं. पण पाणी काय, टँकरनं बी येईल. असा गडी कुठनं आणायचा?"

सावळेरामांना ठसका लागला. बहिरूनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि जेवायला बसल्यापासून पहिल्यांदा मान वर केली.

सुपारी फुटली तेव्हा आळ्याहून आलेल्या वीस-पंचवीस माणसांना सुंदराबाईनं मासवडीच वाढली. ती डाळ दळताना गिरणीपाशी ती स्वतः उभी होती. पंगतीत बायका मासवडीचं कौतुक करू लागल्या, तशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही चांगलीच झालीय. पण लग्न जमलं ते शेंगोळ्यावर. अन् ते माझ्या लेकानं वळल्यालं व्हतं."

पंगतीत बसलेल्या तेजस्विनीनं हळूच विचारलं, "मी बटाट्याची भाजी चांगली करते. चालेल?"

सुंदराबाईनं कमरेवरचे हात काढले.

"ती भाजी न्हवं, पोरी," ती म्हणाली. "पर कर. खाईन."