चिठ्ठीतला डेथ

"थांबा, आधी अर्थ लागू द्या की!" इंग्रजी कागद हातात आला की अण्णा हेच म्हणायचे. मग एकेका शब्दाखाली करंगळीचं नख टेकवत ओठ हलवायचे.

आम्ही दोघं सोलापुरातल्या एकाच गिरणीत हजेरीचे कारकून, आणि शुक्रवार पेठेत शेजारी. त्यांचं इंग्रजी चौथीपर्यंतचं. पुढचं त्यांनी कापडाच्या गाठींवरचे छाप वाचून आणि साहेबाच्या शिव्या ऐकून शिकलेलं. एकदा तपासणीच्या दिवशी गोरा मॅनेजर म्हणाला, माझ्या पोटात फुलपाखरं उडताहेत. अण्णांनी धावत जाऊन ओवा आणला! नंतर मला म्हणाले, "भ्यालं की ह्यांच्या पोटात फुलपाखरं उडत्यात. आपल्या नुसता गोळा येतो."

मग तीस सालच्या चळवळीत गावात गोळीबार झाला आणि मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आला. चौकाचौकांत गोरे सोजीर उभे राहिले. डोक्यावर पांढरी गांधीटोपी दिसली की माणूस उचलला जाई. गल्लीत कुणी मोठ्यानं खोकतही नसे.

समोरच्या नरसम्माचा नवरा मागावरचा विणकर. गोळीबारात त्याच्या पायाला गोळी लागली होती. तो दवाखान्यात पडलेला, आणि भेटायला कुणाला सोडत नव्हते. आठव्या दिवशी दुपारी तिथल्या झाडूवाल्यानं गोऱ्या नर्सबाईची चिठ्ठी गुपचूप आणून दिली. ती घेऊन नरसम्मा अण्णांच्या ओट्यावर आली. मी तिथंच बसलो होतो.

"काय लिवलंय, अण्णा?"

नख पहिल्या ओळीवरून सरकलं. 'ही इज इन गुड हँड्स.' दुसरी ओळ, 'डू नॉट वरी युवरसेल्फ टु डेथ.' तिच्या शेवटच्या शब्दावर नख थांबलं. हजेरीपटातून नाव कापताना लिहायचा तो शब्द आम्हा दोघांनाही पाठ होता. चांगल्या हातांत, म्हणजे देवाच्या? काळजी करू नका, आणि पुढं मरण?

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. नरसम्मानं तो पाहिला. तिनं बांगड्यांचा हात ओट्याच्या दगडावर उगारला.

"थांब!" अण्णांनी तिचं मनगट धरलं. "मला अर्थ लागला न्हाय अजून. इचारून येतो."

विचारण्याजोगे एकच हेडमास्तर, तेही चौकापलीकडे. अण्णा निघाले. त्यांना एकट्याला सोडवेना, म्हणून मीही निघालो. चौकात सोजिरानं हटकलंच. संगीन अण्णांच्या छातीला लागली. त्यानं खिशातली चिठ्ठी ओढून काढली. खिशात भलता कागद सापडला म्हणून माणसं तुरुंगात गेली होती. तो वाचत होता आणि मी त्याच्या ओठांकडे बघत होतो.

अण्णांनी डोळे मिटले. "सर," ते कसंबसं म्हणाले, "हू डेड?"

सोजिरानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाला, "नोबडी. ही इज ऑल राइट. शी सेज, डोंट वरी." चिठ्ठी धुळीत टाकून त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं अण्णांना ढकललं. "गो!"

पळायची सोय नव्हती. पळणाऱ्यावर गोळी सुटे. घरी ती बाई काय करून बसली असेल, या धास्तीनं आम्ही एकेक पाऊल मोजून टाकत आलो.

नरसम्मा तशीच बसून होती. बांगड्या शाबूत होत्या. "जित्ता हाय तुजा मानूस!" अण्णा म्हणाले. "चांगली देखभाल चाललीया त्याची." मग ते मटकन खाली बसले. "आपण बी म्हणतोच की, काळजीनं जीव जाईल म्हणून," ते मला म्हणाले. "मग मला कसं उमगलं न्हाय रे?"

मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.

दोन महिन्यांनी नरसम्माचा नवरा कुबडी टेकत घरी आला. मार्शल लॉही उठला. अण्णांच्या मनातला मात्र उठला नाही. खाकी कपडा दिसला की ते बोळात शिरत. अखेर नोकरी सोडून ते वैरागला लेकीकडे राहायला गेले.

वर्षभरात ते वारल्याचं कार्ड आलं, आणि पोस्टमननं ते गल्लीभर सांगितलं. मी कार्ड हातात घेऊन उभा होतो, तोच दारात कुबडीचा आवाज झाला. नरसम्माचा नवरा धुतलेलं धोतर नेसून आला होता.

"चला," तो म्हणाला, "वैरागची मोटार धरू."

स्टँडची वाट त्याच चौकातून होती. तिथं आता एक म्हातारी बोरं विकत बसली होती. तरी आम्ही दोघांनीही खाली मान घालून चौक ओलांडला.