रुमालाखालची दोन बोटं

गोठ्याकडं जाणारा माझा रस्ता शेजाऱ्यानं तारा ओढून बंद केला. तालुक्याच्या कोर्टानं तो मला परत दिला. जिल्ह्याला अपील झालं आणि रस्ता पुन्हा गेला. निकालातलं कारण वाचून माझं टाळकंच फिरलं. रस्त्याच्या रुंदीबद्दल साक्षीदार गप्प राहिला, म्हणे.

गप्प? जन्मभर बैलबाजारात दलाली केलेला म्हातारा! रुंदी विचारली तेव्हा त्यानं सवयीनं हातावर रुमाल टाकून हात वकिलापुढं धरला. आमच्याकडं सौदा असाच होतो, आकडा कुणी तोंडानं बोलत नाही. कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी रुमाल काढायला लावला. खाली दोन बोटं होती. दोन गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढा रस्ता. खालच्या न्यायाधीशांना समजलं, त्यांनी म्हाताऱ्यावर विश्वास ठेवला. पण जबानीत बोटं टाइप झाली नाहीत, आणि अपिलाच्या न्यायाधीशांपुढं फक्त कागद गेले.

मी हायकोर्टाच्या खंडपीठात दुसरं अपील टाकलं. तिथल्या वकिलाला म्हणालो, "म्हाताऱ्याला परत उभं करा."

"मामा, इथं साक्षीदार नसतो. पुरावाही सहसा पुन्हा तोलत नाहीत. कायद्याचा प्रश्न लागतो."

"मंग इथं न्यायमूर्ती व्हायला काय लागतं?"

"दहा वर्षं हायकोर्टात वकिली, नाहीतर तितकी वर्षं न्यायाधीशी."

"आन् जिल्ह्याच्या न्यायाधीशाची पारख कोण करतं?"

"हायकोर्टच."

"बराबर! व्यापाऱ्याच्या बैलाचे दात व्यापाऱ्याच्याच भावानं बघायचे. ज्याचा रस्ता गेला त्याला कुणी इचारत न्हाई."

वकील हसले. मी नाही हसलो. पण प्रश्न त्यांनी बिनचूक काढला: ज्यानं साक्षीदार डोळ्यानं पाहिला त्याचं मत नुसत्या कागदावरून कसं उलटवलं? त्या प्रश्नावर खंडपीठानं अपील ऐकायला घेतलं.

पुढच्याच बाजारात शेजारी गोड हसत आला. "दाजी, कशाला कोर्ट करून राह्यलात? मिटवू." रुमालाखाली त्यानं माझ्या हातात एकच बोट दिलं. म्हणजे एकामागं एक बैल जातील, गाडी नाही.

मी रुमाल ओढून काढला. बाजार थांबून बघायला लागला.

"तोंडानं बोल," मी ओरडलो. "दोन गाड्यांचा रस्ता. चार माणसांदेखत हो म्हण, न्हाईतर खंडपीठात भेटू."

त्यानं माझ्या हातातला रुमाल घेतला, खांद्यावर टाकला आणि चालता झाला. अपील चालू आहे.