कलावतीताईंच्या फोनमधली जागा

नेपियर टाउनमधल्या आमच्या ऑफिसचा जिना कलावतीताई चढून आल्या त्या भांडायलाच. पन्नाशीच्या, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. वीस वर्षं इथल्याच गोरखपूर वस्तीत घरोघर फिरून लहान मुलांच्या लसींची नोंद ठेवतात. सहा महिन्यांपासून ती नोंद मी बनवलेल्या अ‍ॅपवर होत होती आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

"तुझं अ‍ॅप माझा फोन खाऊन राहिलं, बेटा," म्हणत त्यांनी फोन टेबलावर आपटला. "नोंद टाकली की म्हणते, जागा नाही. रोज फोटो मिटवते मी. आता एकच व्हिडिओ उरला. तो नाही मिटवणार, काम गेलं तरी चालेल!"

व्हिडिओ त्यांच्या नवऱ्याचा, डोमाजींचा होता. दोन वर्षांपूर्वी ते वारले. फोन इतका गच्च की व्हिडिओ दुसरीकडे पाठवताही येईना. आणि आजच्या वीस नोंदी संध्याकाळपर्यंत गेल्या नाहीत, तर काम दुसरीला मिळणार होतं.

मी सवयीप्रमाणे आधी फोनलाच नावं ठेवली.

"नवा घ्या म्हणू नको. सेटिंगमध्ये पाहून आली मी. सगळी जागा तुझीच आहे."

पाहिलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. अ‍ॅप काय करतंय ते ओळीओळीने लिहून ठेवणारी एक फाइल असते, लॉग म्हणतात तिला. बिघाड शोधायला कामाची. तिला मर्यादा घालायची मी साफ विसरले होते. गल्लीत नेटवर्क नसलं की अ‍ॅप पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचं आणि दर वेळी लिहायचं, 'जमलं नाही'. नऊ जीबी भरून 'जमलं नाही'!

तासाभरात मर्यादा घातली, दोन एमबी. भरली की सगळ्यात जुन्या ओळी जातील, नव्या बसतील. पण हे सुधारलेलं अ‍ॅप फोनवर चढवायलाच जागा नव्हती! आता व्हिडिओ पुसावा लागतो की काय! शेवटी केबल लावून ती जुनी फाइलच आधी रिकामी केली. अ‍ॅप चढलं. मुद्दाम नेटवर्क बंद केलं, ताईंनी आजच्या वीस नोंदी टाकल्या आणि दोघी लॉगच्या एमबीच्या आकड्याकडे बघत बसलो. दीड. पावणेदोन. दोन. पुढे सरकेना!

"रुकला!" कलावतीताई ओरडल्या. मी चक्क उडी मारली. नेटवर्क चालू करताच वीसच्या वीस नोंदी गेल्या.

मग त्यांनी व्हिडिओ लावला. जयंतीच्या मिरवणुकीत डोमाजी निळा फेटा बांधून नाचत होते. चाळीस सेकंद.

"आधीचे फोटो येतील का वापस?"

"नाही, ताई. माझी चूक. फार वाईट वाटतंय मला."

मी चहा सांगायला उठले.

"हे अ‍ॅप अजून किती बायांजवळ आहे?"

"दोनशे दहा."

"अन् तू चहा काहून सांगून राहिली? आधी सगळ्यांच्या फोनवर पाठव न! आत्ता कोणीतरी फोटो मिटवून राहिली असेल."