आमच्या घरचे दोन श्रावण

उज्जैन स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीबरोबर चालत होते. "अडली कुठे तर विचारून घे, शरमायचं नाही!" एवढं ओरडून ते मागे राहिले. आई रडत नव्हती. माझ्या बॅगेतली शेवेची पुडी फुटेल, या काळजीत ती होती. उज्जैनमधलं आमचं माधव नगर सोडून मी नोकरीसाठी थेट जर्मनीला निघाले होते.

इथे विचारायचं कुणाला? ऑफिसात सगळे कानाला हेडफोन लावून गप्प. मग मला एक मेलिंग लिस्ट सापडली. जगभरचे प्रोग्रामर तिथे ईमेलवर एकमेकांच्या अडचणी सोडवतात आणि मनसोक्त भांडतात. मी लिहिलं, "माझा कॅलेंडरचा प्रोग्राम चालत नाही, मदत करा." लिस्ट सांभाळणाऱ्या हान्स नावाच्या आजोबांचं उत्तर आलं, "काय केलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं? तिन्ही लिहा." असा राग आला! पण लिहिता लिहिता माझी चूक मलाच दिसली. परदेशात त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. पुढे वर्षभर हान्सनी मला बोट धरून शिकवलं.

गेल्या वर्षी लिस्टवर मोठा वाद पेटला. तारखेवरून भारतीय महिना काढायचा नियम ठरवायचा होता. पुण्याचा एक जण अमावास्येला महिना संपवत होता, लखनौचा पौर्णिमेला, आणि दोघंही हटेनात. वैतागून हान्सनी मसुदा टाकला: एका तारखेला एकच महिना, पुण्याच्या पद्धतीचा. आठवड्याने तो पक्का होणार आणि मग कित्येक फोनांत तोच जाणार.

मी हबकलेच. उज्जैनच्या मराठी घरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. शेजारच्या शर्मा आंटी पौर्णिमेवाल्या, त्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आई त्यांच्याबरोबर सोमवार धरते आणि त्यांचा सावन संपला तरी आपले सोडत नाही. महाकालाची सवारी, म्हणजे दर सोमवारची पालखी, तीसुद्धा त्यांच्या सावनानंतर निघतच राहते. आणि आता आमच्या गावाचा निम्मा हिशेब चुकीचा ठरणार होता.

पण ज्यांनी शिकवलं त्यांनाच "चुकलात" कसं म्हणायचं? दोन दिवस मी मेल लिहून पुसत होते. शेवटी धीर करून त्यांच्याच पद्धतीने लिहिली: आईने आंटींबरोबर उपास धरला, फोनवर श्रावण दिसायला हवा होता, दिसला आषाढ. महिन्यासोबत पद्धतही नोंदवा, ज्याला जी हवी ती निवडू द्या.

पाठवली आणि लॅपटॉप बंद करून टाकला.

दुसऱ्या दिवशी हान्सनी सगळ्यांसमोर लिहिलं, "चूक माझी. मसुदा बदलतो. पण तुमच्या घरी खरा श्रावण कुठला?"

मी आईला फोन लावला. "खरा काय नि खोटा काय? दोन्ही आपलेच आहे ना! तू खाना खाल्ला की नाही?"

मी तेच हान्सना कळवलं, खाना सोडून. मला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले.

आता हान्सना सवारी बघायची आहे. कुठल्या महिन्यात येऊ, म्हणून विचारत होते. आई-बाबा, तुम्हाला न विचारताच मी सांगून टाकलं, दोन्ही धरून दीड महिना राहायलाच या, घर आपलंच आहे.