भेवाचं मत

नक्षलवाद्यांचं दलम सोडून, बंदूक पोलिसांत जमा करून भाऊ बायकोच्या माहेरी, आमच्या जानेफळला राहायला आले, त्याला बरीच वर्षं झाली. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, कमी बोलतात आणि कुठंही गेले तरी भिंतीला पाठ लावूनच बसतात. यंदा ते ग्रामपंचायतीला उभे राहिले. प्रचारासाठी घरांची यादी माझ्याकडे होती.

पहिल्याच अंगणात त्यांनी विचारलं, "घरात कोन कोन हाये?"

दारातली म्हातारी लगबगीनं आत गेली. मी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, मतं मांगाले आलो आपन, मानसं मोजाले नाई. आधी राम राम म्हना."

"हाव ताई. तिकडची सवय."

तेवढ्यात म्हातारी तांब्या घेऊन आली. तिनं तो त्यांच्यापुढं केला. "तुमालेच मत देतो बाप्पा. माह्या पोराले काई करू नोका."

पाणी न पिताच ते रस्त्यावर आले. "ताई, हे घर खोडा. भेवाचं मत हाये थे. जंगलात आमाले जेवन असंच भेटे."

मी खोडलं. पुढच्या दारासमोर त्यांनी लांबूनच हात जोडून राम राम घातला. आतून कडी लावल्याचा आवाज आला.