कुलूप मॅनेजर झाला

मॅनेजर म्हणून पहिल्याच मॅचला त्याने दहाच नावं वाचली.

गोलकीपरपासून सुरुवात करून बचावफळी, मधली फळी, पुढचे दोघे, सगळं नीट वाचून झालं. आज जीव ओतून खेळायचं, असंही सांगून झालं. आणि मग हा बाबा बाकावर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळायला लागला. ड्रेसिंग रूममध्ये कोणी हलेना. शेवटी गोलकीपरनेच अगदी सभ्यपणे विचारलं, की अकरावा कोण? त्याने मान वर केली, तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. अंगावर मॅनेजरचा नवाकोरा कोट आणि हातात पट्टीचं टोक. मग जो हशा पिकला, तो बाहेरच्या प्रेक्षकांनाही ऐकू गेला असेल. पाय चोळणारे काका तर बर्फाची पिशवी पोटाशी धरून हसत होते.

बिचाऱ्याचा दोष नव्हता. बचावफळीच्या मधोमध इतकी वर्षं तोच उभा होता, की तिथे कुणाचं नाव घ्यावं लागतं हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. लोक त्याला कुलूप म्हणायचे. एकदा तो गोलपुढे उभा राहिला, की समोरच्याने वाटेल तेवढं डोकं आपटावं. त्याचं तंत्र काही फार थोर नव्हतं. जरा शंका आली, की चेंडू सरळ मैदानाबाहेर. एकदा तर त्याने मारलेला चेंडू पार्किंगमधल्या स्वतःच्याच गाडीच्या काचेवर बसला होता. पण क्लब त्याच्या त्या लाथेवर तरून गेला होता, आणि गाव त्याच्यावर जीव टाकायचं.

मग गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी बंदी घातली नाही, पण फोटो बघून जी मान हलवली त्यावरून काय ते कळलं. त्याच सुमाराला जुना मॅनेजर हंगाम अर्ध्यावर टाकून मोठ्या क्लबात गेला. अध्यक्षबाईंनी कुलपाला बोलावलं आणि म्हणाल्या, तूच सांभाळ. तो हो म्हणाला. नाही म्हणायचं असतं हे त्याला सुचलंच नाही.

अकरावं नाव त्या दिवशी घाईघाईत पडलं ते शेपटाचं. शेपूट हेही टोपणनावच. कुलपाच्या जागी खेळायला म्हणून क्लबाने ज्याला आणला आणि वर्षानुवर्षं बाकावर बसवला, तो हा. कुलूप कधी आजारी पडला नाही, कधी दमला नाही, दमला तरी कबूल झाला नाही. शेपूट आपला गरम कपड्यांत बसून टाळ्या वाजवायचा. लग्न झालं, मुलगी झाली, कपाळावरचे केस मागे हटले, तरी पठ्ठ्या बाकावरच. आता कुठे त्याला मैदान मिळालं होतं.

आणि मिळालं ते असं, की नको ते मैदान असं झालं. कारण कुलूप रेषेबाहेर उभा राहून त्याच्या वाटचा सगळा खेळ खेळत होता. मागे ये, उजवीकडे बघ, सोडू नकोस, बाहेर मार, बाहेर मार! घसा बसला की शिट्टी, शिट्टीही पंचांनी काढून घेतली की हातवारे. बाकीच्या नऊ जणांकडे आणि गोलकीपरकडे त्याचं लक्षच नसायचं. शेपटाची अवस्था अशी, की चेंडू आला की तो आधी रेषेकडे बघायचा आणि मग चेंडूकडे. तोवर समोरचा पसार झालेला असायचा. क्लब हरत गेला, आणि प्रेक्षकांच्या कट्ट्यावर एक टोमणा रुळला, की कुलूप बाकावर ठेवलं आणि दार सताड उघडं टाकलं. कुलपाला हा टोमणा गोडच लागायचा, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

होता होता हंगामाची शेवटची मॅच उरली. अध्यक्षबाईंचं रंगांचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत, डब्यांच्या उतरंडीमध्ये दोन खुर्च्या टाकून त्यांनी त्याला सगळं स्पष्ट सांगितलं. ही मॅच जिंकली तरच क्लब या लीगमध्ये राहणार. बरोबरीही चालणार नाही. खाली घसरलो, तर मुलींचा संघ बंद करावा लागेल, काकांना घरी पाठवावं लागेल, आणि मॅनेजरही नवा बघावा लागेल. एवढं सांगून त्यांनी बोटाला लागलेला हिरवा रंग फडक्याला पुसला.

"खेळाडू म्हणून तुझी नोंदणी अजून आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग स्वतःच उतर की. लोकांनाही तेच हवंय."

तो आनंदाने उठून उभाच राहिला. घरी जाताना तो जिने दोन-दोन पायऱ्या करत चढला. गुडघ्याने चकार शब्द काढला नाही.

त्याच्या बायकोचं चष्म्याचं दुकान घराखालीच होतं. संध्याकाळी तो तिला सांगायला गेला, तेव्हा ती एका काडीचा स्क्रू बसवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की तू आत असशील तर बाहेरून टीमकडे कोण बघणार? तो म्हणाला, मीच, आतून. त्यात काय एवढं?

"एक सांग," ती स्क्रू फिरवत म्हणाली. "टीम वाचेल म्हणून तुला आनंद झालाय, की खेळायला मिळणार म्हणून? मला नको सांगूस, मला दिसतंय. तू स्वतःला सांग."

तो चिडला. चष्मे विकणाऱ्यांना सगळ्यांच्या नजरेत दोषच दिसतो, असं काहीतरी बोलून वर गेला. पण प्रश्न काही पाठ सोडेना.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस आटोपल्यावर त्याने शेपटाला बूट धुण्याच्या खोलीत गाठलं. नळाखाली बूट धरून शेपूट तळाचा चिखल खरवडत होता. कुलपाने इकडचं तिकडचं बोलून बघितलं, हवापाणी झालं, मुलीची शाळा झाली, आणि मग एका दमात सांगून टाकलं, की शेवटची मॅच मीच खेळावी असं चाललंय. शेपटाने नळ बंद केला.

"खेळा दादा," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यापेक्षा चांगलेच आहात, त्यात वाद नाही. फक्त एक गोष्ट सांगू? इतकी वर्षं बाकावर बसलो, त्याचं मला काही वाटलं नाही. पण मैदानात उतरल्यापासून मी एकही मॅच खेळलेलो नाही. चेंडू येतो तेव्हा मला समोरचा माणूस दिसतच नाही, तुमचा आवाजच दिसतो. मी चांगला आहे का वाईट, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. ते न कळताच हंगाम संपणार, एवढंच वाईट वाटतं."

कुलपाला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. आपण याची जागा कधी सोडलीच नव्हती, नुसते चार पावलं बाजूला सरकून उभे होतो, हे त्याला लख्ख कळलं. मोठी जीवघेणी गोष्ट होती ती. कारण त्याला खेळायचं होतं. खरंच, फार खेळायचं होतं.

"तू खेळ," तो शेवटी म्हणाला. "मी गप्प बसतो."

गप्प बसतो म्हणणं सोपं. हा माणूस झोपेतसुद्धा बचावफळीला हाका मारायचा. त्याचा निर्णय ऐकून अध्यक्षबाई तीन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी तोंड बंद ठेवायला त्याने एक युक्ती काढली. शेपटाकडे चेंडू येतोय असं दिसलं, की तोंडात पाण्याचा घोट भरून धरायचा. काकांना बाटल्यांची अख्खी पेटी घेऊन शेजारी बसवलं.

मॅच सुरू झाली. कुलूप गाल फुगवून उभा, आणि काका एकामागून एक बाटली पुढे करताहेत, हे बघून कट्टा आधी हसला आणि मग त्याच्यावरच चिडला. तू उतर, तू उतर, असा गिल्ला सुरू झाला. शेपटाने पहिल्याच चेंडूला सवयीने रेषेकडे पाहिलं. तिथे त्याला दोन फुगलेले गाल दिसले. दुसऱ्या चेंडूलाही तेच. तिसऱ्यांदा त्याने पाहिलंच नाही. आणि तोंड बंद असल्यामुळे कुलपाचे डोळे मोकळे झाले होते. डावीकडचा खेळाडू पाय ओढतोय, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. अर्ध्या वेळेला त्याने तो बदलला. इतक्या आठवड्यांत मॅनेजर म्हणून केलेलं ते त्याचं पहिलं काम.

वेळ संपत आली तरी एकही गोल नव्हता. बरोबरी म्हणजे बुडणं. तेवढ्यात समोरच्या दोघांनी मुसंडी मारली. शेपूट एकटा मागे. त्याने पाय घालून चेंडू काढला खरा, पण एक जण अंगावर आणि दुसरा पाठीशी, अशा कात्रीत सापडला. कुलूप ओरडलाच. बाहेर! हा शब्द तोंडातल्या पाण्यासकट उडाला आणि काकांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला. मैदानात पोचलं ते नुसतं खाकरणं.

शेपटाने चेंडू बाहेर मारला नाही. त्याने चेंडूसकट पाऊल बाजूला घेऊन दोघांना एकमेकांवर आदळू दिलं, मान वर केली, आणि चेंडू पायाशी घेऊन पुढे निघाला. पुढे म्हणजे थेट मैदानाच्या मध्यापर्यंत. कुलूप बचावातली जागा सोडून इतका लांब कधी गेलाच नव्हता. तिथून शेपटाने डावीकडे नव्या गड्याला लांब पास दिला. त्या गड्याने आत ढकललेला चेंडू पुढच्याने जाळ्यात घातला, आणि कट्टा अक्षरशः मैदानात सांडला.

शिट्टी झाल्यावर सगळा गोंगाट ओसरायला बराच वेळ गेला. अध्यक्षबाईंनी येऊन कुलपाचा हात हातात घेतला आणि पुढच्या हंगामाचं उद्या बोलू म्हणाल्या. काका ओल्या शर्टाने रडत होते. शेपूट चिखलाने माखलेला, खांद्यावर मुलीला घेऊन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. धाप अजून लागतच होती.

"दादा, तुम्ही असता तर शेवटच्या त्या चेंडूला काय केलं असतं?"

"बाहेर मारला असता," कुलूप म्हणाला.

"आणि मग?"

"मग आपण आज खाली गेलो असतो."